उजव्या अंगाचा भोवरा

आज शेजाऱ्याच्या दावणीला डॉक्टरनं वळूच्या बीजाच्या कांड्यांचं थंडगार भांडं उघडलं, पांढरा धूर निघाला, अन् मला माही फजिती आठवली. चार-पाच वर्सांमागं आमची गाय दोनदा कांडी भरूनबी उलटली व्हती, गाभण राहिली न्हवती. ह्या खेपेला गाभण न्हाई राहिली तं तिला इकून टाकीन, आसं बायकोनं बजावलं व्हतं. डॉक्टर म्हणले, "मामा, ह्या वळूच्या लेकी लवकर गाभण राहतात, कास सुजत न्हाई. भरू कांडी?" म्या म्हणलं, "थांबा, त्याला भोवरा कुठं हाये?" आमच्याकडं जनावर घेताना अंगावरचा केसांचा भोवरा आधी पाहतात, वाईट जागी असला तं घेत न्हाईत. मंग न पाहता जावई कसा करावा? डॉक्टरनं कपाळ बडवून मोबाइलात वळूचा फोटो दाखवला. म्या म्हणलं, "ही डावी बाजू झाली, आता उजवी दावा." "काहून ताणून राहिले मामा, गाईचा माज निघून जाईल, मंग कांडी भरून फायदा न्हाई!" आमी मोबाइलात डोकं घालून भांडून राहिलो, तवर गाईनं दावं तोडलं अन् गावातल्या मोकाट वळूसंगं सोयरीक स्वतःच जमवून आली. त्याचा भोवरा कोण पाहणार? माही कांडी शेजाऱ्याच्या गाईला गेली. तिची लेक वेळेवर गाभण राहते, बादलीभर दूध देते. आमच्या गाईची लेक कपभर देते अन् बादली लाथाडते. आत्ताच लाथाडली. बायको सांडलेलं दूध पुसत म्हणाली, "माह्या बापानं लग्नाआधी तुमचा भोवरा पाह्यला असता तं!"