आधी हिची होऊ द्या

स्वतःचा सोडून बाकी प्रत्येकीचा प्रबंध पुरा करून घेणारी बाई जगात एकच आहे, आणि ती दौंडला राहते. वयानं आमच्याहून मोठ्या, म्हणून आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. कॉलेजात इतिहास शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हरी हरी. मीही तशीच, अर्थशास्त्राची. कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे, पीएचडीला वेळ पाहिजे, आणि बाईमाणसाला वेळ कोण देतो? म्हणून बाईंनी आपल्या घरी दर रविवारी लेखनगट सुरू केला. आम्ही चौघीजणी जमायचो. आल्या आल्या मोबाइल पिठाच्या रिकाम्या डब्यात जायचे, आणि दुपारपर्यंत तोंड मिटून लिहायचं. एकदा माझ्या गाइडचा फोन डब्यात घणघणला. मी उठले तर बाई म्हणाल्या, "बस खाली. रविवारी गाइडला तुझा प्रबंध आठवत नसतो, पेपरांचे गठ्ठे तपासून हवे असतात." संध्याकाळी फोन लावला, तर गठ्ठेच निघाले.

बाईंची जीभ विळीसारखी. "कौतुक पाहिजे असंल तर माहेरी जायचं," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. माझं पहिलं प्रकरण मी मोठमोठ्या विद्वानांच्या अवतरणांनी सजवून नेलं होतं. बाईंनी चार पानं वाचली आणि म्हणाल्या, "हे आहेरातल्या साड्यांसारखं झालंय गं. इकडून आल्या, तिकडं दिल्या. यातली एखादी तू घडी मोडून नेसलीस का कधी?" मी रडले. त्यांनी चहा दिला, आणि कप रिकामा झाल्यावर पहिल्या पानापासून परत लिहायला बसवलं.

कॉलेजलाही त्यांनी सोडलं नाही. तपासणीची कमिटी यायची म्हटली की पुरुष प्राध्यापकांनी कोट घालून माहिती सांगायची आणि आम्ही काठापदराच्या साड्या नेसून ओवाळायचं, ही आमच्याकडची विद्वत्तेची वाटणी. एका वर्षी प्राचार्यांनी बाईंना रांगोळी काढायला सांगितली. बाईंनी ती अशी काढली की दारातून आत जायला वाटच उरली नाही. कमिटी मागच्या दारानं, सायकल स्टँडवरून आली. महिनाअखेर बाईंनी ती रांगोळी तासांच्या हिशेबात लावली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, तर म्हणाल्या, "सर, मी तासावर काम करते. तास नसताना मला वाकता येत नाही." त्यानंतर त्यांना कुणी रांगोळी सांगितली नाही. आम्हाला सांगितली.

माझ्या शेवटच्या प्रकरणाच्या वेळी आमच्या शिरूरच्या घरात पाहुण्यांची नुसती जत्रा भरली होती. वढूला समाधीच्या दर्शनाला आलेली मंडळी मुक्कामाला आमच्याकडं, आणि चुलीपुढं मी. रविवारी सकाळी, आज येत नाही म्हणून फोन केला, तर दुपारच्या आत बाई स्कूटरवरून दारात हजर. मला माडीवर पिटाळलं, बाहेरून कडी लावली आणि स्वतः भाकरी थापायला बसल्या. बाईंना स्वयंपाक येत नाही, ही गोष्ट उभ्या दौंडला ठाऊक आहे. माडीच्या फळ्यांच्या फटीतून मला खालचं दिसत होतं. माझे सासरे, आबा, भाकरी उलटीपालटी करून बघत होते.

"ही कुणी थापली?" आबांनी विचारलं.

"मॅडमनी," सासूबाई म्हणाल्या.

"मंग गप खावा," आबा पाहुण्यांना म्हणाले. मग बाईंकडं वळून, "मॅडम, तुमची झाली का वो पीएचडी?"

"व्हायचीय की, आबा. आधी हिची होऊ द्या."

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. माझं प्रकरण त्या आठवड्यात पुरं झालं.

बाईंचा प्रबंध दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या बायकांवर. वडील रेल्वेत, सगळं बालपण त्याच क्वार्टरांत गेलेलं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलेलं, आणि ते वर्षानुवर्षं राहतच होतं. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली, तीही संपत आली, तेव्हा आम्ही चौघींनी कट केला. एका रविवारी बाईंना त्यांच्याच मागच्या खोलीत बसवलं आणि दारात मी राखणीला बसले. तेवढ्यात एक मुलगी आली, काखेत लेकरू. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत, शिफ्टला गेलेला. दुसऱ्या दिवशी तिला पीएचडीच्या प्रवेशासाठी कमिटीपुढं आराखडा मांडायचा होता, आणि हातात दीड पान. तिचा आवाज ऐकून बाई खोलीतून बाहेर.

मी चिडले. "बाई, आत जा. मुदत तुमची संपतेय, तिची नाही."

"अगं, मी जुनी हाय, मला सवय झालीय," बाई म्हणाल्या. लेकरू त्यांनी कधीच कडेवर घेतलं होतं. "हिला पहिल्याच दिवशी खाली बसवली, तर ही परत उठायची न्हाई."

त्या मुलीला प्रवेश मिळाला. बाईंची मुदत त्याच आठवड्यात संपली, आणि पीएचडीची नोंदणी रद्द झाली. मला त्यांचा इतका राग आला की महिनाभर मी गटाला गेले नाही. गट चालूच होता.

प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश लिहायची रीत आहे. आधी गाइड, मग प्राचार्य, मग लिहायला बसलं की ज्याला नेमकी भूक लागायची तो नवरा. बाकी तिघींच्या ऋणनिर्देशातून बाईंनी स्वतःचं नाव लाल पेनानं खोडलं. "ही बिनपीएचडीची बाई कोण म्हणून परीक्षक विचारत बसतील," म्हणाल्या. माझा अख्खा प्रबंध त्यांच्या लाल पेनाखालून गेला, पण ते एक पान मी त्यांना दाखवलं नाही. गाइडच्याही आधी मी बाईंचं नाव घातलं होतं.

बांधलेली प्रत घेऊन दौंडला गेले. बाईंनी उभ्या उभ्याच ते पान वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत वाचलं. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घालून बसले.

"दुसरं वाक्य लांबलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण राहू दे."

ती प्रत खरं तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात द्यायची होती. बाईंनी ती परत दिली नाही, आणि मीही मागितली नाही.