काळ्या डोंगरातली बाई

सत्तरच्या दशकात मी भिवंडीच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. माहेर जवळच्याच अंजूर गावचं. एकदा माझ्या जुन्या प्राध्यापकांचं पत्र आलं: युगोस्लाव्हियातून एक संशोधक बाई आल्यात, त्यांना गावातली भावकी समजून घ्यायचीय, दुभाषी म्हणून मदत कर.

बाई युगोस्लाव्हियातल्या माँटेनेग्रोची. त्याचा अर्थ काळा डोंगर, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. तिथली कुळं, त्यांची वैरं, त्यांची बोली यांवर विद्वानांनी काय लिहून ठेवलंय, हा तिचा विषय. तुलनेसाठी तिला परकं गाव हवं होतं, म्हणून मी तिला अंजूरला नेलं.

रोज दुपारी आम्ही कुणाच्या तरी ओटीवर बसायचो. कोण कुणाचा चुलत, कोण कुणाशी कधीपासून बोलत नाही, ती विचारायची आणि आमच्यापैकी कुणालाच न वाचता येणाऱ्या लिपीत वहीत लिहायची. तेव्हा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडसाठी जमिनी घ्यायला शहरातली माणसं फिरत होती. माझ्या चुलत काकांनी मला बाजूला घेतलं.

"ही बाय जमिनी लिवून न्हेतेय. तू तिच्यात मिळालीस काय?"

मी हसले, पण मनात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर हातपाय धुवायला गेली, तेव्हा मी तिची वही उघडली. अक्षरं लागेनात, पण फांद्यांच्या संख्येवरून कळलं, ती आमच्याच घराण्याची आकृती होती. आजोबांच्या जागी काळा गोल. मी वही काकांना दाखवली. तेवढ्यात ती परतली.

ती चिडली नाही. "काळा गोल म्हणजे वारलेला माणूस," म्हणाली. "तुमचा संशय रास्त आहे. माझ्या आजोबांनी एका विद्वानाला महिनाभर घरी जेवू घातलं. त्यानं पुस्तकात आम्हाला सूड घेणारी जात म्हटलं."

मग ती म्हणाली, सगळ्यांना बोलवा, मी वाचून दाखवते. कुणाला नको असेल ते खोडते.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. ती वाचायची, मी मराठीत सांगायचे. काकांनी बांधावरच्या भांडणाचा मजकूर खोडायला लावला. तिनं खोडला. मग माझ्या आत्याचं बोलणं आलं, ते तिनं मराठी शब्दांतच उतरवलं होतं; आणि आत्याच माझ्याकडे बोट दाखवून मध्ये बोलली, "मी असं न्हाय बोलले. ही पोरगी पुस्तकातलं बोलतेय."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. आत्याचं 'न्हाय' मी रोज तिला 'नाही' करून सांगत होते, उच्चारून दाखवतानाही. शाळेत तेच करायचे.

"तुम्ही दुरुस्त करत होतात?" तिनं विचारलं.

"चांगलं दिसावं म्हणून," मी म्हणाले.

"आमच्या शाळेतही आमचे उच्चार असेच दुरुस्त करतात. वर विद्वान म्हणतात, तुमची वेगळी भाषाच नाही." तिनं वही मिटली. "आता मला पहिल्या पानापासून संशय घ्यावा लागेल."

उरलेले चार दिवस ती माझ्याशिवाय फिरली. खुणांनी आणि मोडक्या हिंदीत बोलायची. आत्या तिला शब्द तीन-तीनदा म्हणून दाखवायची. निघताना तिनं माझे आभार मानले, पण पत्ता दिला नाही.

काका बरीच वर्षं विचारायचे, "त्या बायनं छापलं काय?" मला माहीत नव्हतं. माझी काळजी निराळीच होती. त्या न वाचता येणाऱ्या लिपीत माझ्याविषयी काय लिहिलं असेल? आणि ते मात्र तिनं कुणाला वाचून दाखवलं नव्हतं.