धवलारणीच्या हातचा साबण

बाळांनो,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना अर्धं ठाऊक होतं — उरलेलं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि न विचारल्याबद्दल मी मनातून त्यांचे आभारच मानत राहिले. तुमच्या आईला तर काहीच ठाऊक नाही.

सुयश, परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, तू केलंस ना, तेच आम्हाला आता शिकवतात. गरिबाला भीक देऊ नका, गिऱ्हाईक माना. लहान वडी, लहान किंमत, विकायला गावातलीच बाई. मी वर्गात तुझंच उदाहरण देणार." मी म्हटलं, दे हो. फोन ठेवला आणि स्वतःचा इतका संताप आला की दुपारभर कपाट आवरत बसले. ते आधीच आवरलेलं होतं.

उदाहरण द्यायचंच असेल तर पुरतं दे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. ठाण्यात तुमच्या आजोबांची साबणाची लहानशी शेड होती. वागळे इस्टेट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मी बी.ए. झालेली, घरात बसून कंटाळलेली. खाडीकाठच्या आगरी गावात एकदा गेले तर मिठागरावरून आलेल्या बाया राखेनं आणि मातीनं कपडे धूत होत्या. साबणाची अख्खी लादी त्यांना परवडत नव्हती, आणि कपड्यांना एक, अंगाला एक असे दोन साबण तर नाहीच नाही. मी आजोबांना म्हटलं, लहान वडी करू, पिवळ्या कागदात गुंडाळू, अंगाला आणि कपड्याला एकच. कल्पना चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते — हाच तर त्रास आहे.

विकायला मी निवडली चांगुणाबाई. ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मान तिचा; ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तेव्हा लग्न लागतं. जिच्या तोंडून पोरींची लग्नं लागतात तिच्या हातचा साबण कोण नाकारील? असा हिशेब मी केला, आणि तो बरोबर निघाला. चांगुणाबाई ओट्यावर बसून वड्या विकायची आणि घासाघीस करणारीला सुनवायची, "नको घेऊस. तुझा घो तुला वासावरनंच वलखंल."

माघात लग्नं सुरू झाली आणि मागणी वाढली. साबण ओतला की वड्या काही आठवडे मुरू द्याव्या लागतात, नाहीतर त्यातला कॉस्टिक सोडा कच्चा राहतो आणि कातडी भाजते. मुरली की नाही हे आमच्याकडे जिभेवर पाहायचे. आजोबा तेलासाठी कल्याणला गेले होते. मी वडी जिभेला लावली. चटका बसला. चांगला सणसणीत.

मग मी काय केलं? पाणी प्याले, आणि वड्या कागदात गुंडाळायला सांगितलं.

का? — इथे मी कितीतरी वेळा थांबले आहे. मागणी होती, हे खरं. पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच होतं. मनात आलं, मिठात राबणारी कातडी ती, तिला काय होणार आहे. ही मी. मुंबईच्या कॉलेजात शिकलेली, भाषणं देणारी मी.

गावातल्या यमुना नावाच्या मुलीची हळद होती. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईनं स्वतःच्या हातानं तिला नवी वडी लावून न्हाऊ घातलं. तोंड, गळा, दंड लालभडक झाले, काही ठिकाणी सोलवटले. मला बोलावणं आलं तेव्हा अंगणात सगळ्या जमल्या होत्या. नवरदेवाची आत्या म्हणत होती, "ही नवरी हाय का उकडलेली कोलबी? पोरीला कातडीचा रोग हाय, आमच्यापासून लपवलाव."

"रोग नाय," चांगुणाबाई म्हणाली. "साबू लागलाय. या बायला इचारा. तीच सांगत व्हती ना, अंगाला नि कापडाला येकुच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "साबण ओलीत ठेवला तर बिघडतो. चांगुणाबाईंनी कुठे ठेवला होता, कोण जाणे."

ती म्हणाली, "शिंक्यावर ठेवलेला मी. कोरडा." पण बी.ए. झालेल्या बाईपुढे तिचं कोण ऐकणार? यमुनेचं लग्न पदरानं तोंड झाकून लागलं. धवले म्हणायला शेजारच्या गावची बाई आणली. चांगुणाबाईच्या हाताला अपेश आहे, असं ठरलं. त्यानंतर तिला कुणाच्याही मांडवात बोलावलं नाही.

पुढच्या वड्या आम्ही नीट मुरवल्या. विकायला दुसरी बाई ठेवली. धंदा चालला, वाढला. तुमच्या आईचं शिक्षण त्यातूनच झालं.

मला वाटलं होतं चांगुणाबाई शिव्या द्यायला येईल. ती आली, आमच्या पायरीवर बसली. आत ये म्हटलं तर आली नाही. "बाय, मना पैसं नको," म्हणाली. "रविवारी गावात ये. चार बायांम्होरं सांग, चांगुणाचा हात खोटा नव्हता. बस."

"येईन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

पुढचं मला नव्या विक्रेतीकडून कळलं. ती हसत सांगत होती — चांगुणानं म्हणे अंगण सारवलं, बाया गोळा केल्या, आणि मास्तरांच्या घरून एक खुर्ची मागून आणली. बाय आपल्यासारखी खाली बसणार नाही म्हणून. दिवेलागणीपर्यंत खुर्ची तशीच होती. मग चांगुणाबाईनं ती डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत परत करून आली.

त्या रविवारी मी घरीच होते. मला ताप नव्हता. पाहुणे नव्हते. गाव चालत जाण्याइतकं जवळ होतं.