खोट्या मिलिमीटरची पट्टी

आमच्या दुकानात चुकांची एक भिंत होती. दुकान म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातली पत्र्याची शेड. तिथं आबा, म्हणजे माझे वडील, फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवायचे. पंपाच्या किंवा इंजिनाच्या भागाची सागवानी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबून काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, असा तो उद्योग. आबांच्या हातून एखादा पॅटर्न चुकला की ते त्याच्यावर लाल रंगाची फुली मारत आणि भिंतीवर खिळ्याला टांगत. इतक्या वर्षांत तिथं चारच पॅटर्न जमले होते. शिकाऊ माणसाची चूक मात्र भिंतीवर जात नसे. ती फोडून चुलीत घालायची आणि तिच्यावर चहा करायचा. ‘टांगून घ्यायला आदी कारागीर असाय लागतंय,’ आबा म्हणत. शिकाऊ लोक भरपूर येऊन गेल्यामुळे आमच्याकडे चहाचं सरपण कधी कमी पडलं नाही.

मी तर शिकाऊसुद्धा नव्हते. मी बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी आपटलेली मुलगी होते आणि स्थळ येईपर्यंत काहीतरी करत असावी म्हणून मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. नवं शतक नुकतंच लागलं होतं, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला चांगलं स्थळ मिळतं अशी आमच्या गल्लीत अफवा होती.

त्याच सुमारास आबांची कामं आटायला लागली. मोठ्या फौंड्र्या मशीनवर कापलेले अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न घ्यायला लागल्या होत्या. आबा म्हणाले, वर्षभर बघतो, नाहीतर करवतीचं मशीन विकतो आणि दारं-खिडक्या करत बसतो. दारं-खिडक्या हा शब्द ते शिवीसारखा उच्चारत. अशात आमच्या ओळखीचे एक्स्पोर्टवाले साहेब दुकानात आले आणि म्हणाले, ‘मिस्त्री, भाईरच्या देशातली पंपवाली माणसं महिन्यानं येणार हाईत. त्यास्नी हातचं काम पायजे. पण आदी वेबसाईट बघतो म्हणत्यात.’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वेबसाईटमधलं शून्य येत होतं. ‘येतंय की,’ मी म्हणाले.

मग सुरू झाली सॉफ्टवेअरची निवड. क्लासचे सर रोज कुरुंदवाडहून एसटीने येत आणि एसटीतच सगळं ज्ञान वाचून संपवत. त्यांनी एक भलंमोठं सॉफ्टवेअर सुचवलं. त्याचं वैशिष्ट्य काय, तर त्याचं पुस्तक फार जाड होतं. दुसरं एका मासिकाच्या सीडीवर फुकट मिळालं. ते उघडलं की आधी सांगायचं, तुमचे अमुक दिवस उरले. तीस दिवसांनी ते मरणार होतं. तिसरं म्हणजे चित्रं आणि मजकूर माउसने ओढून हवा तिथं टाकायचा, कोड ते आपोआप लिहिणार. आणि चौथं नोटपॅड, म्हणजे कोरा पांढरा चौकोन, त्यात एकेक अक्षर आपण बडवायचं. ‘ते गावठी आहे,’ सर म्हणाले. कोल्हापुरात बसून कुरुंदवाडच्या माणसाकडून हे ऐकायला मजा वाटली.

आमचा कॉम्प्युटर दुकानाच्या कोपऱ्यात होता, भुशापासून वाचावा म्हणून आबांनी केलेल्या सागवानी कपाटात. मी एकेक सॉफ्टवेअर त्यांना उघडून दाखवलं. आबा स्टुलावर बसून पटाशी बघावी तसं बघत.

‘तीस दिसांनी पटाशी परत मागणारा दुकानदार बघितलायस का कुटं?’ सीडीचा निकाल लागला.

ओढून टाकायचं सॉफ्टवेअर बघून त्यांनी विचारलं, ‘आनि ह्येला धार कुणी लावायची?’

‘आबा, ह्याला धार नसते.’

‘बिघाडलं तर तुला दुरुस्त येतंय का, असं इचारतोय.’

‘बिघडत नाही ते,’ मी शहाणपणा पाजळला. आबा उठले आणि पटाशीला धार लावायला बसले. तिथंच मला खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

मी तेच घेतलं. पंधरा दिवसांत असं पान केलं की बघणाऱ्याला चक्कर यावी. वर फिरणारी पृथ्वी, खाली जळणाऱ्या ज्वाळांची रेघ, मधून सरकणारं ‘वेलकम’. पाहुण्यांची संख्या मोजणारा आकडा होता, तो मीच तीस वेळा पान उघडून वाढवला. मध्यभागी आबांच्या पॅटर्नवरून ओतलेल्या भागांचा तक्ता: फोटो, नाव, माप.

मापं मीच घेतली, आबा जेवायला घरी गेलेले असताना. अंगणात तयार लोखंडी भाग पडले होते आणि भिंतीला आबांची एक पोलादी पट्टी होती, जिला ते कुणाला हात लावू देत नसत. म्हणजे तीच सगळ्यात अचूक असणार, असा माझा तर्क. पॅटर्नवाल्याच्या घरात जन्मून मी हे डोकं चालवलं, हे आजही सांगवत नाही. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. आणि दरवेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा मिलिमीटरच मुद्दाम जरासा लांब आखलेला असतो. लाकडाला ती पट्टी बरोबर. तयार लोखंडाला लावली की प्रत्येक माप कमी भरतं. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं, आणि ऐकून सोडून दिलं होतं.

पाहुणे येणार त्याच दिवशी सकाळी एक्स्पोर्टवाले साहेब पानाचा छापील कागद नाचवत दुकानात शिरले. ‘मिस्त्री, चारशे मिलिमीटरचं पंपाचं केसिंग तीनशे शहाण्णव लिवलंय! समदीच मापं कमी हाईत. चार वाजता ही माणसं माझ्या हापिसात पान बघणार. त्यास्नी वाटंल, ह्या माणसाला माप घ्यायचंच येत न्हाय!’

आबांनी कागद बघितला, मग भिंतीवरची पट्टी, मग मला. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते फक्त म्हणाले, ‘दुरुस्त कर.’

मी एक आकडा बदलला, तर तक्ता फुगून पृथ्वीखाली गेला. पृथ्वी हलवली, तर फोटो एकमेकांवर चढले. आत कोड उघडून पाहिलं, तर त्या सॉफ्टवेअरनं घातलेल्या गोंधळाला ना शेंडा ना बुडखा. दुपारचा एक वाजला. दारं-खिडक्या हा एकच शब्द डोक्यात घुमत होता.

शेवटी सगळं पुसलं आणि नोटपॅड उघडलं. पृथ्वी गेली, ज्वाळा गेल्या. आबा साधी पट्टी घेऊन अंगणात बसले, एकेक भाग पुन्हा मोजून मोठ्यानं आकडा सांगू लागले, आणि मी एकेक अक्षर बडवू लागले. चुकलं तर चुकलेलं दिसत होतं, आणि दिसलं की दुरुस्त करता येत होतं. अडीचला तक्ता झाला.

‘खाली लिव,’ आबा म्हणाले. ‘आदीची मापं चुकीची हुती. मिस्त्रीच्या पोरीनं पॅटर्नच्या पट्टीनं लोखंड मोजलंतं.’

‘आबा, असं कुणी लिहितं का? बदललं की झालं.’

‘ज्येनी आदी बघितलंय त्येला काय वाटंल? लिव.’

लाजेनं कान तापले तरी मी इंग्रजीत लिहिलं. इंटरनेटसाठी जोडलेली फोनची लाईन दोनदा तुटली; पान वर चढलं तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. त्या माणसांनी फोटोंवरून नजर फिरवली आणि ती शेवटची ओळ दोनदा वाचली. मग त्यातला म्हातारा हसायला लागला. तोही मूळचा पॅटर्नवालाच निघाला. नमुन्यादाखल तीन पॅटर्न करायला सांगितले होते. करवतीचं मशीन राहिलं. आबांनी फोन ठेवला, ‘व्हय, बरं झालं,’ एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता हातावरचा भुसा झाडला.

सकाळचा तो छापील कागद अजून टेबलावर पडला होता. फिरणारी पृथ्वी, ज्वाळा, तीनशे शहाण्णव. आबांनी तो उचलला तेव्हा मीच चुलीपाशी गेले, आधण ठेवलं आणि पेटवायला घ्यावा म्हणून हात पुढं केला.

आबांनी लाल रंगाचा डबा उघडला. कागदावर फुली मारली, खिळा घेतला, आणि भिंतीवरच्या चार पॅटर्नशेजारी तो ठोकला.

चूल त्या दिवशी मी भुशावर पेटवली. धूर फार झाला, त्यामुळे डोळ्यांचं कुणाला काही सांगावं लागलं नाही.