दर दहा सेंटिमीटरवरची रेघ

सावंगीच्या रस्त्यावर आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मशीन आडव्या कपाटाएवढं, सहा फूट रुंदीचं. ते चालवते मी. छापलेले बोर्ड गावोगाव नेऊन लावायचं काम नवऱ्याकडे. आमच्याकडे बाराही महिने जवळच्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी येतात, कारण त्यांच्या परिषदा संपतच नाहीत आणि प्रत्येक परिषदेला पोस्टर लागतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी सकाळी दुकान उघडताच आली. चार फूट लांब पोस्टर आणि त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका पेशंटचा ईसीजी मोठा करून लावलेला. दुपारच्या गाडीनं तिला नागपूरला जायचं होतं. मी छापून टेबलावर पसरलं. ती वाकून बघत राहिली, मग म्हणाली, "ताई, पेशंटचा ईसीजी असा नव्हता."

पोस्टरवर उभ्या बारीक पांढऱ्या रेघा आल्या होत्या, केसाएवढ्या. एरवी कोणाच्या लक्षात आल्या नसत्या. पण ईसीजीची काळी रेषा प्रत्येक पांढऱ्या रेघेशी तुटत होती. मी मोजलं, अकरा ठिकाणी.

असं झालं की पहिला संशय हेडवर, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागावर. त्याची छिद्रं बुजली की रेघा येतात. मी टेस्ट प्रिंट काढली. सगळे रंग अखंड. तरी हेड धुतलं, पुसलं, परत छापलं. रेघा जागच्या जागी. नवऱ्याला फोन लावला. तो समुद्रपूरला एका कृषी केंद्राचा बोर्ड लावत होता.

"मशीनले हात नको लावजो," तो म्हणाला. "मी शिडीवर चढून राह्यलो. संध्याकाळी आलो का पायतो."

"हिले दुपारी जायचं हाये ना पण!"

"मंग इंजिनीअरले फोन लाव."

इंजिनीअर नागपूरचा. त्यानं फोनवरच निदान केलं, हेड गेलं, नवीन टाका. टेस्ट प्रिंट चांगली आहे म्हटल्यावर, परवा येतो म्हणाला.

मुलगी हे सगळं ऐकत स्टुलावर बसली होती. चिडली नाही. उलट मला विचारलं, "ताई, या रेघा सारख्या अंतरावर आहेत का हो?"

मी तोपर्यंत ते बघितलंच नव्हतं. पट्टी लावली. दहा सेंटिमीटर आणि वर थोडंसं. पुढची पुन्हा तेवढीच. त्यापुढचीही. छिद्र बुजलं असतं तर रेघ कुठेही, कशीही आली असती. इतकं मोजून मापून येणारं म्हणजे काहीतरी गोल फिरणारं असणार, आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळणारं.

"हे कधीपासून आहे? त्याआधी काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"काईच नाई झालं."

"पेशंटपण असंच म्हणतात," ती हसली.

मी मशीन बंद केलं, मेन स्विच पाडला. नवऱ्याचं ऐकायचं नाही हे तोवर ठरून गेलं होतं. वरून कागद दाबणारे छोटे रोलर आधी घेतले. कागदाची पट्टी कापून एकाभोवती गुंडाळली, खूण केली, उलगडून रेघांवर ठेवली. फारच आखूड. म्हणजे हे नव्हेत. मग खालची पत्र्याची झाकणी काढली आणि फरशीवर उताणी झोपून मोबाईलच्या उजेडात आत बघितलं. कागद पुढे ओढणारा लांब लोखंडी रोलर तिथे होता. सहा वर्षं हे मशीन चालवत होते, पण त्याला खालून कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याभोवती पट्टी गुंडाळली आणि झोपल्या झोपल्याच वर हात करून तिला दिली.

"ठेवून पाहा बरं रेघांवर."

तिनं पट्टी रेघांवर टेकवली. मग ती जवळजवळ ओरडली, "बरोब्बर बसली!"

हा रोलर कागद सरकू नये म्हणून मुद्दाम खरखरीत केलेला असतो. मी तो हातानं फिरवत बोट लावत गेले. खरखर, खरखर, आणि एका ठिकाणी बोट गुळगुळीत सरकलं. नखानं दाबलं तर चिकट. स्टिकरचा डिंक, वर त्याच्याच कागदाचा कपटा. प्रत्येक फेऱ्यात तो वर आला की फ्लेक्स कणभर जास्त पुढे ढकललं जायचं आणि तेवढी जागा कोरी सुटायची.

आणि मग मला आठवलं. आठवड्यापूर्वी स्कूलबसचा स्टिकर छापताना रोल आत अडकला होता. मी तो हिसकून ओढून काढला होता आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी तिला ते सांगून टाकलं. फरशीवर पडून कबुली देणं सोपं जातं.

शाई पुसायच्या औषधात फडकं भिजवून डिंक काढायला अर्धा तास लागला. झाकणी बसवून पुन्हा छापलं. पांढरी रेघ एकही नाही. मी डोळे बारीक करून ईसीजीवरून बोट फिरवत गेले आणि थबकले. तीन ठोके, मग लांब सपाट जागा. पुन्हा तीन, पुन्हा सपाट.

"अरे देवा, हे अजून तुटूनच राह्यलं!"

"नाही हो ताई, ते राहू द्या. ते पेशंटचं आहे!" ती हसत सुटली. "चौथा ठोका गळतो त्यांचा. पोस्टर त्याच्यावरच तर आहे."

मग तिनं सांगितलं. हिंगणीकडचे एक काका. चक्कर येते म्हणून भरती झाले. कितीदा विचारलं तरी म्हणायचे, दुसरं औषध काही घेत नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोनं पिशवीतून एक पाकीट काढून दिलं, कोणीतरी दिलेल्या गोळ्यांचं. त्या बंद केल्यावर ठोके जागेवर आले.

"मंग आता बरे हायेत ते?"

"शेतात जातात. परवा तपासायला आले, तेव्हा हरभऱ्याचे घाटे घेऊन आले होते."

पोस्टर गुंडाळून ती धावतच रिक्षात बसली. तिला गाडी मिळाली, तसा मेसेज आला.

संध्याकाळी नवरा आला. मी स्टिकरपासून सगळं सांगितलं. त्यानं रेघा आलेलं पहिलं पोस्टर उजेडात धरून पाहिलं, मशीनजवळ उकिडवा बसला, झाकणीवरून हात फिरवला. मग काढलेले स्क्रू मी ज्या वाटीत ठेवले होते, तिच्यात बोट घालून म्हणाला, "सगळं बसवलं म्हणतं, तं हे दोन स्क्रू काऊन उरले?"

मला माहीत नव्हतं. त्यानं खिशातून मोबाईल काढला, त्याचा दिवा लावला आणि फरशीवर आडवा होत म्हणाला, "ये इकडे. कुठून काय खोललं, ते दाखव मले."