भोंग्यातल्या बाई

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत ऐकून आमच्या शेवगावच्या शेजारणीनं मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली होती.

बदली होऊन मी शेवगावपासून बरंच आत असलेल्या या गावात आले. शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग पहिलीचा, पोरं वीसेक. पहिल्याच दिवशी फळ्यावर 'ट'ची ओळ लिहिली आणि म्हटलं, "म्हणा माझ्यामागं." ट, ठ, ड, ढ. इथपर्यंत सगळं नीट. मी 'ण' म्हणायला तोंड उघडलं, तर त्या सगळ्या पोरांनी एकदम माना दाराकडं वळवल्या, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "थांब गं बाळा, आले, आले." आणि मग लांबून कुणी म्हणावं तसा, "ण."

मी दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, व्हरांड्यात एक कुत्रं तेवढं झोपलं होतं.

"हे काय मधेच?" मी ओरडले. "कुणी शिकवलं असलं?"

पुढं बसलेली, दोन वेण्यांची, समोरचे दात पडलेली पोरगी उभी राहिली. "बाई, तुमीच मधलं इसरल्या. असंच हाय ते. भोंग्यातल्या बाईंचं."

मधल्या सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारलं तेव्हा उलगडा झाला. भोंग्यातल्या बाई म्हणजे माझ्या आधी या वर्गावर होत्या त्या; त्यांच्यानंतर इथं कायमच्या बाई आल्याच नव्हत्या. लॉकडाऊन लागला तेव्हा त्या नगरला आपल्या घरी अडकल्या, पदरात तान्ही मुलगी. गावात धड मोबाईल नव्हते, रेंज तर नव्हतीच. म्हणून बाईंनी स्वयंपाकघरात बसून मोबाईलवर 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं म्हणून ठेवली आणि मेमरी कार्डात घालून देवळाच्या भोंग्यावर लावायला पाठवून दिली. रोज सकाळी आरती झाली की भोंग्यातून बाई सुरू. पोरं ओट्यावर, गोठ्यात, शेताच्या वाटेवर, असतील तिथं उभी राहून मागं म्हणायची. 'ढ'पाशी त्यांची मुलगी रडली असणार. त्या तोंड फिरवून तिला बोलल्या आणि पुढं गेल्या. तेवढा तुकडा कापायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं तरी कापता कुणाला येत होतं? पोरांना वाटलं, हेही पाठ करायचं, आवाज लांब जातो तिथं मान वळवून. त्यांनी केलं. दुसऱ्या लाटेत बाई गेल्या, भोंगाही बंद झाला. पण तोवर थोरल्यांनी धाकट्यांच्या तोंडात ते घातलं होतं. माझ्यापुढं बसणारी पोरं तर तेव्हा पाळण्यात होती.

"बाई हायेत अजून शाळंत," मावशी खिचडी ढवळत म्हणाल्या, मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज.

मला असा संताप आला! खुर्ची त्यांची, कपाट त्यांचं, कपाटातली चित्रकार्डं त्यांच्या हातची, आणि आता व्यंजनंही त्यांचीच? जिवंत बाई असती तर दोन शब्द सुनावले असते. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? ती उलट बोलत नाही, आणि रोज सकाळी वीस तोंडांनी हजर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं मेल्यावरही गेली नव्हती.

मी माझ्या पद्धतीनं शिकवायला लागले. तोंडापुढं कागदाची पट्टी धरायची: 'प'ला ती जेमतेम हलते, 'फ'ला फडफडते. गळ्यावर बोटं ठेवायची: 'क'ला गळा गप्प असतो, 'ग'ला आतून घुमतो. पोरांना लई मजा वाटायची. 'क'ची ओळ झाली, 'च'ची झाली. 'ट'पाशी आलं की पुन्हा सगळ्या माना दाराकडं. त्यापुढच्या ओळीतही एक खोड होती. त थ द ध न म्हणताना पोरं दर अक्षरामागं मांडीवर हळूच थाप मारायची. त, थाप, थ, थाप. चाल संथ, ऐकून झोप येईल अशी. ताल धरतात, धरू देत, म्हणून मी तिकडं काणाडोळा केला.

मधलं मात्र बंद केलं. जो म्हणेल तो बाकावर उभा राहील, अशी तंबीच दिली. दिवाळीपर्यंत पोरं सुधारली. पण गंमत बघा. आमच्याकडं पोरांच्या जिभेवर 'ण' बसता बसत नाही, सगळं 'पानी' आणि 'कोन'. या पोरांचा 'ण' मात्र पहिल्यापासून खणखणीत होता. मी मधलं काढलं आणि त्यांच्या 'ण'चा 'न' झाला. जीभ वर वळायला तेवढी उसंत लागत होती की काय, कोण जाणे. आणि 'ढ' झाला की सगळा वर्ग क्षणभर गप्प व्हायचा. माना वळायच्या नाहीत, पण डोळे दाराकडं जायचे. त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटायची. खोटं कशाला बोलू?

एका रविवारी दुपारी घरी मेथी निवडत बसले होते. सवयीनं तोंडात ट ठ ड ढ चाललेलं. आणि माझ्याच तोंडून बाहेर पडलं, "थांब गं बाळा, आले, आले." नुसतं म्हणाले नाही, तर मांडीवरची जुडी टाकून लगबगीनं उठलेसुद्धा. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि मग भानावर आले. या घरात बाळ कधी नव्हतंच. माझ्या पोटी कुणी आलं नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले. कुणासाठी, ते आजही नीट सांगता येणार नाही.

उन्हाळा लागता लागता एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, वर्गाच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या बोटाला धरून एक मुलगी, माझ्या वर्गातल्या पोरांच्याच वयाची, केस बारीक कापलेले.

"मॅडम, माझी मिसेस इथं होती," तो म्हणाला. "तुमच्या आधी."

मी मुलीकडं पाहिलं. म्हणजे ते बाळ हीच.

"हिला आईचा आवाज ऐकायचाय," तो सांगू लागला. "तुझी आई कशी बोलायची, असं वर्गातल्या कुणीतरी विचारलं, तेव्हापासून धोशा लावलाय. मिसेसचा मोबाईल दवाखान्यात गहाळ झाला. माझा बिघडला तो बिघडलाच. इथं भोंग्यावर लावायचे ना? म्हटलं, कुणाकडं तरी असेल."

देवळात तो आधीच जाऊन आला होता. तिथल्या मेमरी कार्डावर आता भजनं होती. गावातल्या मोबाईलमध्येही काही उरलं नव्हतं, सगळी जागा गुड मॉर्निंगच्या फुलांनी खाल्लेली. मुलगी बापाकडं मान वर करून बघत होती.

"इथं पण नाहीये?" तिनं विचारलं.

"बघू हं," तो म्हणाला.

मी दोघांना आत बसवलं आणि पोरांना म्हटलं, "म्हणा रे व्यंजनं."

पोरांनी म्हटली, अगदी मी शिकवली तशी. ट, ठ, ड, ढ, मग थोडं गप्प, मग न. माझीच मला थोबाडीत बसली. जे एकच ठिकाण उरलं होतं तिथून मी बाईंना हाकलून बसले होते.

"छान म्हणतात," बाप आपला सभ्यपणे म्हणाला.

"तसं नाही," मी म्हणाले. "जुनं म्हणा. भोंग्यातल्या बाईंचं."

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. दोन वेण्यांची उठली. "बाई, मंग रागवायच्या न्हाई ना?"

"नाही गं माझे आई. म्हण."

त्यांनी सुरू केलं, आणि पहिल्याच 'क'ला बापानं बाकाची कड धरली. तोंडं पोरांची होती, पण ओढ, चढउतार, श्वास घ्यायची जागा, सगळं एका बाईमाणसाचं. मुलगी ऐकत होती. ट, ठ, ड, ढ. माना दाराकडं वळल्या.

"थांब गं बाळा, आले, आले."

मुलीनंही दाराकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"पप्पा, हे कुणाला म्हणाली?"

"तुला. तू रडत असशील."

"मग आली का ती?"

"मी घरी नव्हतो गं तेव्हा," तो कसाबसा म्हणाला.

पोरं तोवर पुढच्या ओळीला लागली होती. त, थाप. थ, थाप. द, थाप. वर्षभर ऐकत आले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. ताल कसला डोंबलाचा! बाईंनी लेकीला उचलून खांद्यावर घेतलं होतं आणि थोपटत थोपटत ती ओळ म्हटली होती. ती थापही भोंग्यातून गावभर गेली होती.

"आली," मी म्हणाले. "ऐक ना. तुला घेतलंय तिनं. थोपटतेय बघ."

मुलीनं पोरांचे हात पाहिले, मांडीवर पडणारे. मग बापाचा हात धरून ओढला आणि आपल्या पाठीवर ठेवला.

"तसं," ती म्हणाली.

तो थोपटू लागला, पण ताल चुकत होता. पोरांनी मी न सांगता ओळ परत 'त'पासून धरली.