कडीचा डबा

दुबईतल्या ऊद मेथाहून, आमच्या घरून, सकाळी निघून मी, नवरा आणि मुलगी असे आम्ही तिघं हत्ताच्या डोंगरात दिवसभरासाठी गेलो होतो. उघडेबोडके तपकिरी डोंगर, पायथ्याशी एकदम हिरवीगार खजुराची बाग आणि तिच्यातून खळाळणारा पाट. दुबईत इतकी वर्षं राहून मी हे पाहिलं नव्हतं, याचा मला माझाच राग आला.

बागेची मालकीण, एक म्हातारी, अंगणात चुलीवर रगाग करत होती. तापल्या तव्यावर नुसत्या हातानं पीठ फिरवायचं आणि कागदासारखी पातळ, कुरकुरीत रोटी उचलायची. मी घावनं करते, पण हे मला जन्मात जमणार नाही. तिनं वर मध घालून आम्हाला खाऊ घातलं, म्हणून मी आमच्या थालीपिठांचा डबा तिच्या हातात दिला. तो घेऊन ती बागेत गेली ती परत येईचना.

डबा सासूबाईंनी दिलेला, कडीचा. अर्धा तास झाला.

"खलास, नवा घेऊ," नवरा म्हणाला.

"मॉम, जस्ट लीव्ह इट," मुलगी म्हणाली.

मी गाडीत बसून धुसफुसत होते. एवढी चांगली बाई, आणि डबा ठेवून घेते?

गाडी सुरू झाली तशी ती लगबगीनं आली. डबा नुकत्याच तोडलेल्या अंजिरांनी भरला होता.

"खाली नहीं देते," ती मोडक्या हिंदीत म्हणाली.

शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे मला आईनं शिकवलं होतं. हिलाही आई असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.